रोज दोन मेल

मी एक जुनं डोमेन आहे. म्हणजे ईमेलच्या पत्त्यात त्या गोल चिन्हाच्या पुढं जे नाव येतं, ते. मला ना आकार ना वजन, त्यामुळे माझ्यावर कुणी निबंध लिहीत नाही. म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

मित्रांनो, माझा जन्म कवठे येमाईचा. तिथल्या दूध उत्पादकांनी बारा वर्षांपूर्वी मिळून कंपनी काढली, तेव्हा मला घेतलं. गावोगावच्या केंद्रांवर दूध तपासलं, की निकाल माझ्या नावानं पुण्याच्या डेअरीला जायचा. निकाल पोचला तरच टँकर दूध उचलायचा. माझ्या नावाला मान होता. राखण मात्र कुणी करत नव्हतं. माझं नाव लावून कुणीही मेल धाडू शकतो, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं.

गेल्या साली कुणीतरी धाडलाच. ‘आमच्या दुधात भेसळ सापडली आहे,’ असा, थेट पुण्यातल्या दुकानदारांना. चार दिवस ऑफिसातला फोन थांबेना. मला तोंड असतं तर लपवलं असतं.

ऑफिस सांभाळणाऱ्या सवितानं मग माझा बंदोबस्त हाती घेतला. व्हिडिओ बघून बघून ती शिकली. माझ्या नावानं कोण कोण मेल पाठवतं, याची यादी तिनं बैठकीत सगळ्यांना विचारून केली आणि माझ्यापाशी नोंदवली. खऱ्या मेलवर सही उमटेल अशी सोय केली. आणि मेल पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी निरोप ठेवला: यादीबाहेरचा, बिनसहीचा मेल आला तर तूर्त अडवू नका, पण रोज कळवा.

अहवाल येऊ लागले. महिनाभरात दोन अनोळखी पाठवणारे दिसले. एकानं एकाच दिवशी तीनशे मेल सोडले आणि गप्प झाला. दुसरा रोज दोन पाठवत होता.

कंपनीचे अध्यक्ष भिमाजीआबा खुर्ची ओढून बसले.

“दोघंबी चोरच की. आजच अडवायला सांग.”

“आबा, आधी नुसतं बघायचं ठरलंय.”

“म्हैस उसात शिरल्यावर तिचा फोटो काढत बसतीस व्हय?”

सविता बोटानं तारखा मोजत होती. “पहिला चोरच हाय. पण ह्यो दुसरा बघा. रोज दोन. रविवारी दोन, पाडव्याला दोन, ईदला दोन. ह्या सोमवारी तेवढा एकच. चोर एवढा शिस्तीचा असतोय का?”

आबांनी कागद आपल्याकडं ओढला. “दोन म्हंजी… सकाळची धार आन् सांजची धार.”

“म्हंजी आपलंच केंद्र हाय कुठलं तरी.”

यादी पुन्हा वाचली. त्यात भीमेपलीकडचं, दौंड तालुक्यातलं कासुर्डी नव्हतं. तिथलं केंद्र चांदबी चालवते. सवितानं स्पीकरवर फोन लावला.

“चांदबी, तुमचं मशीन निकाल कसा पाठवतंय?”

“आपोआप जातो की. मशीन बसवणाऱ्यानंच जोडून दिलंय, मेल त्याच्याकडनंच सुटतो. का गं?”

“आन् सोमवारी?”

“सकाळी लाइट नव्हती. टँकरवाल्याला कागदावर लिहून दिला.”

आबा पुढं वाकले. “बैठकीला का न्हाई आलीस? तितंच यादी केली आम्ही.”

“आबा, बैठक तुम्ही घेताय सांजच्या साडेसहाला. तवा माझ्या दारात तीस घरच्या किटल्या असत्यात. त्या टाकून येऊ व्हय?”

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मित्रांनो, त्या दिवशी आबांचं ऐकलं असतं, तर चांदबीचा निकाल पुण्याला पोचला नसता, आणि कागदावर लिहून द्यायला हवा हे तिला कळलंही नसतं. टँकर रिकामा निघून गेला असता आणि तीस घरांचं दूध तिच्या दारात नासलं असतं. तेही माझ्या नावानं, तिला चोर समजून.

सवितानं मशीनवाल्याला सांगून चांदबीच्या मेललाही सही जोडून घेतली. आणखी पंधरा दिवस अहवाल वाचले. मगच निरोप बदलला: आता अडवा. तीनशेवाला पुन्हा एकदा येऊन गेला, पण त्याचं काही आत शिरलं नाही. बैठक आता दुपारी दोनला असते.

सध्या सगळं सुरळीत आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते. सुरळीत असलं की अहवाल न उघडता पडून राहतात. तुमच्या शाळेचं, दुकानाचंही असं एखादं डोमेन असेल. त्याच्या नावानं कोण बोलतंय, ते आठवड्यातून एकदा तरी बघा. अनोळखी कुणी दिसलं, तर अडवण्याआधी एक फोन करा. पलीकडं कुणीतरी भरल्या किटल्या घेऊन थांबलेलं असेल.