रुग्ण क्रमांक सतराचा उजवा पाय

आरोग्यविज्ञान विद्यापीठ वर्षभरात काय काय शोधून काढतं, ते लोकांना कळावं म्हणून संशोधन दिनाला मोठ्या सभागृहात तक्ते लावतात. एरवी ते तक्ते लावणारेच पाहतात आणि संध्याकाळी काढून ठेवतात. यंदा मात्र दाराबाहेर पायऱ्यांपर्यंत रांग होती. काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या एका पायाला बँडेज. रांग बाकीच्या सगळ्या तक्त्यांना वळसा घालून एकाच तक्त्यापाशी जात होती.

त्या तक्त्यावर माणसाच्या उंचीचे दोन फोटो होते. पहिल्यात एक पाय, शेवटची दोन बोटं काळी पडलेली, कडेला खोल जखम. दुसऱ्यात तोच पाय, नुकताच धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ, पाचही बोटं जागच्या जागी. खाली लिहिलं होतं: ‘रुग्ण क्रमांक सतरा. उजवा पाय. उपचारापूर्वी, आणि सत्तर दिवसांच्या लेपानंतर.’

“कापाकापी नाही, काही नाही!” पुढच्या बाई मागे वळून म्हणाल्या. “मेलेली बोटं जिवंत झाली बघा.”

“माझ्या मेव्हण्याच्या साहेबांना तर म्हणे नवीन बोट फुटलं.”

“सहावं?” कुणीतरी विचारलं.

“तक्त्याला हात लावू नका,” पहारेकरी ओरडला. “सकाळपासून दोनदा पुसलाय.”

लेप शोधून काढणारे प्राध्यापक तक्त्याशेजारी उभे होते. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘शोधमहर्षी’ ही पदवी दिली होती आणि त्यांनी ती परत केली नव्हती. त्यांच्या नावावर आठशे बारा शोधनिबंध होते. गेल्या वर्षीचे मोजले तर दर चौथ्या दिवशी एक, रविवार आणि आजारपणं धरून.

“मी लिहीत नाही,” ते डोळे अर्धवट मिटून सांगत होते. “माझ्याकडून लिहिलं जातं. सूक्ष्म कणांना पेशींची भाषा कळते. आम्ही फक्त त्यांची ओळख करून देतो. पुढचं ते आपसात बघून घेतात.”

लोक माना डोलावत होते. कळलं नाही की माणूस जरा जास्तच डोलावतो.

मी काकांना घेऊन आले होते, किंवा खरं तर काका मला घेऊन आले होते. काका शिंपी. वयाच्या बाराव्या वर्षापासून उजव्या पायाने मशीन चालवलेलं. त्याच पायाची दोन बोटं साखरेने कुजायला लागली होती. आदल्या दिवशी मागच्या इमारतीतल्या सर्जनबाईंनी त्यांना सरळ विचारलं होतं, “काका, आत्ता दोन बोटं देताय, की महिन्याभराने गुडघा देताय?” संशोधन दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळही दिली होती. काकांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, “विचार झाला. मी लेप लावणार.”

“काका, बाबांनीही लेपच लावला होता.”

“दादा उशिरा गेला. मी वेळेवर चाललोय.”

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. तोच आजार, तोच पाय, त्याच सर्जनबाई, तेच दोन पर्याय. बाबांनी लेप निवडला. शोधमहर्षींच्या विभागात नाव नोंदवलं, हिरव्या झाकणाच्या बरण्या घरी आल्या, आणि रोज सकाळी जखम धुऊन लेप भरायचं काम माझ्याकडे आलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी विष रक्तात भिनून ते गेले. विभागाने शोकपत्र पाठवलं, त्यात ‘रुग्ण उशिरा आला’ असं लिहिलं होतं. काकांनी ते एक वाक्य तेवढं पाठ केलं. मी भांडले नाही. भाऊ गमावलेल्या माणसाला काहीतरी कारण हवं असतं, आणि विद्यापीठाच्या शिक्क्याचं कारण तर सोन्याहून पिवळं.

दाराशी एक परिचारिका प्रत्येकाला मूठ असलेला छोटा आरसा देत होती. “रोज सकाळी आरशात तळवा बघायचा,” ती न कंटाळता सांगत होती. “साखर असली की जखम दुखत नाही. म्हणून डोळ्यांनी शोधायची.” त्या दिवशी सभागृहात मिळालेला सगळ्यात शहाणा सल्ला तो होता, आणि तो कुठल्याही तक्त्यावर नव्हता. लोक आरसे पिशवीत टाकत पुढे सरकत होते.

आमचा नंबर आला. मी पहिला फोटो पाहिला आणि तिथेच थांबले. ती जखम मी अठ्ठावन्न दिवस धुतली होती. घरच्या माणसाचं अक्षर ओळखावं तशी मी ती ओळखली. रुग्ण क्रमांक सतरा म्हणजे बाबा.

मग नजर दुसऱ्या फोटोकडे गेली. आणि सांगायला संकोच वाटतो, पण क्षणभर मला आनंद झाला. बाबांचा पाय बरा झाला होता.

तो क्षण सरल्यावर मी अंगठ्याचं नख पाहिलं. ते मधोमध उभं दुभंगलेलं होतं. पहिल्या फोटोतल्या अंगठ्याचं नख अखंड होतं.

“काका,” मी हळूच म्हणाले, “तो अंगठा बघा.”

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. फोटोजवळ वाकले.

“हा दादाचा पाय आहे,” ते म्हणाले. “हे नख मी फोडलंय. सात वर्षांचा होतो. आमच्या वडिलांच्या मशीनचं डोकं उचलायला गेलो आणि त्याच्या पायावर टाकलं. त्याने घरी सांगितलं, माझ्याच हातून पडलं.” त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. “पण पोरी, तो डावा पाय होता.”

“इथे उजवा आहे.”

“इथे उजवा दिसतोय,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. दुकानात गिऱ्हाइकाने चुकीचं माप सांगितलं की लागतो तो आवाज. “शिंप्याला शिकवू नका. कापड उलटं टाकलं की डावी बाही उजवी होते.”

त्यांनी पिशवीतून आरसा काढला, तक्त्याकडे पाठ केली आणि खांद्यावरून आरशात पाहिलं. आरशात डावा पाय होता. बाबांचा धडधाकट डावा पाय, ज्याला कधी काही झालंच नव्हतं.

मीही पाहिलं, आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. विभागात फोटो काढताना पायाशेजारी तारखेची कागदी पट्टी ठेवत. पहिल्या फोटोत ती स्वच्छ वाचता येत होती. दुसऱ्यात ती कापून टाकली होती, पण टाचेखाली एक कोपरा उरला होता. सरळ पाहिलं तर नुसत्या रेघोट्या, आरशात मात्र तारीख. बारा. तोच महिना, तेच वर्ष, दोन्ही फोटोंत.

ती बारा तारीख माझ्या लक्षात होती. लेप सुरू व्हायचा होता त्याच्या आदल्या दिवशीची. “दुसराही पाय ठेवा, तुलनेसाठी,” असं फोटो काढणाऱ्याने सांगितलं होतं. बाबांना आपला चांगला पाय दाखवायला मिळाल्याचं अप्रूप वाटलं होतं.

“काय चाललंय तिकडे?” महर्षींनी विचारलं. “पुढे सरका. मागे लोक आहेत.”

“सर, हा पाय माझ्या वडिलांचा आहे,” मी म्हणाले. “आणि हा दुसरा फोटो त्यांच्या डाव्या पायाचा आहे. उलटा छापलाय.”

“आपण डॉक्टर आहात का?”

“नाही. ड्रेसिंग मी करत होते.”

“असं बघा,” ते रांगेला ऐकू जाईल अशा बेताने हसले, “हे तांत्रिक विषय आहेत. छपाईत एखादा फोटो उलटू शकतो.”

“छपाईत पाय उलटला,” काका म्हणाले, “मग जखम कुठे सांडली?”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. काका वळून म्हणाले, “हसू नका, आरसे काढा. दिलेत ना सगळ्यांना? अंगठ्याचं नख बघा, टाचेखालची तारीख बघा.”

लोकांनी आरसे काढले. हातच्या कांकणाला आरसा नको म्हणतात, पायाच्या नखाला मात्र तो लागला. आणि आरशात पाहायचं तर पाठ फिरवावीच लागते, म्हणून एकेक करत अख्ख्या रांगेने चमत्काराकडे पाठ फिरवली.

“अगं बाई, बारा तारीख!” पुढच्या बाई म्हणाल्या. “दोन्हींत बाराच!”

“म्हणजे सत्तर दिवस कुठले?”

“एकाच दिवशी दोन्ही पायांचे फोटो काढलेत हो!”

“विज्ञानावर विश्वास ठेवा!” महर्षी ओरडले.

“तेच करताहेत सगळे,” परिचारिका दारातून म्हणाली, पण ते माझ्याखेरीज कुणी ऐकलं नसावं.

महर्षींना दुसऱ्या परिषदेची आठवण झाली. ते मागच्या दाराने गेले, स्वतःच्या दोन्ही पायांनी, भराभर.

पुढे रीतसर चौकशी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष लेपावरच्याच निबंधाचे चौथे लेखक निघाले. निबंध मागे घेतला, संख्या आठशे अकरा झाली. मग समितीच्या अनुभवांवर एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ती पुन्हा आठशे बारा झाली. लेपाचा मूळ निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी आधीच कळवलं होतं, की तुमचा बरा झालेला रुग्ण अठ्ठावन्नाव्या दिवशीच वारला आहे. त्यांचं उत्तर आलं: आपली शैक्षणिक पात्रता कळवावी.

मला विद्यापीठाचा राग नाही. त्याच आवारातल्या सर्जनबाईंनी संशोधन दिनाच्या दुसऱ्याच दिवशी काकांची दोन बोटं काढली आणि पाय वाचवला. त्याही संशोधनावरच काम करतात. फक्त त्यांच्याकडे किती जण बरे झाले याच्या शेजारी किती जण गेले तेही लिहिलेलं असतं. शिक्का, पदवी, आकडा, छापील कागद यांतल्या कशालाही घाबरून विचारायचं थांबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. विचारल्याने खरं औषध बिघडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस वर्तमानपत्राचं कात्रण काकांपुढे धरून बसला होता. कुठल्या तरी नव्या तेलाची जाहिरात होती, एका हसऱ्या माणसाच्या फोटोसकट.

“आठवड्यात चालायला लागलाय हा,” तो म्हणत होता. “तुम्हाला काय वाटतं, मागवू का?”

काकांनी कात्रण घेतलं, चष्म्याजवळ धरलं आणि परत दिलं.

“मागव की,” ते म्हणाले. “पण आधी त्यांना एक पत्र टाक. हा माणूस आज कुठे आहे, तेवढं विचार.”