प्रबंधांचे शुभ पॅड

मित्रांनो, लाकडाचा भुसा दाबून केलेली एक पाटी आणि तिच्या माथ्यावर पोलादी चिमटा, एवढेच माझे शरीर. मी लिहिण्याचे एक जुने पॅड आहे. सुरतेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मला नऊ वर्षे झाली. मनाचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी रुग्णांना प्रश्न विचारून फॉर्म भरावे लागतात. ते फॉर्म मी धरून ठेवते.

माझ्यावर भरलेला एकही प्रबंध आजवर नापास झालेला नाही, म्हणून मी शुभ मानले जाते. जाणारा डॉक्टर माझ्या चिमट्याला गुलाल लावून मला येणाऱ्याच्या हाती सोपवतो. माझ्याबरोबर एक रीतही सोपवतो. तिचे नाव ‘टेबलावर भरणे’. रुग्ण कमी पडले की उरलेले फॉर्म डॉक्टरांनीच टेबलाशी बसून भरायचे. सगळे एका बैठकीत भरलेले दिसू नयेत म्हणून पेन बदलत राहायचे, अधूनमधून डाव्या हाताने लिहायचे. आणि नववा प्रश्न, ‘गेल्या पंधरा दिवसांत जगणे नकोसे वाटले का?’, त्याला नेहमी ‘नाही’ करायचे. कारण ‘हो’ला पुरवणी जोडावी लागते, तिच्यावर नातेवाइकाची सही लागते, आणि जो माणूसच नाही त्याला नातेवाईक कुठून आणणार? इतकी निर्दोष तर्कशुद्धता मी त्या विभागात अन्यत्र पाहिली नाही.

यंदा मी डॉ. सोनालीच्या हाती आले. तिचे वडील खानदेशातून येऊन इथल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबलेले, आणि तिचा विषय लूम कामगारांची उदासी. ती टेबलाशी बसेना. गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतून आलेल्या माणसांशेजारी बाकावर बसे आणि त्यांच्याच अहिराणीत विचारी. एकशेवीस फॉर्म हवे होते. त्र्याऐंशी झाले.

त्र्याऐंशीवा भिकनचा. तो शुक्रवार होता.

“भिकनदादा, झोप येस का?”

“नही ना ताई. लूम बंद व्हयना तरी कानमा चालूच ऱ्हास.”

नववा प्रश्न तिने फार हळू विचारला. तो चिमट्याकडे पाहत म्हणाला,

“वाटस. रोज वाटस. आजलगून कोणी इचारं नही, म्हणीसन सांगं नही.”

सोनालीने ‘हो’वर खूण केली, औषध दिले. वॉर्डात खाट नव्हती. सोमवारी रिकामी होणार होती.

“सोमवारले आमना मालतीबाईंना फोन यी. सहीकरता वहिनीले संगे लई या. याल ना?”

“फोन उना का लगेच येसू, ताई.”

मालतीबाई विभागातल्या समाजसेविका. दर सोमवारी नव्या फॉर्मांतले ‘हो’ शोधून त्या माणसांना फोन करण्याचे काम त्यांचे.

शनिवारी सोनाली अहमदाबादला कार्यशाळेसाठी गेली. निवडक निवासी डॉक्टरांमधून उद्याचे संशोधक घडवणारी ती चार दिवसांची कार्यशाळा होती आणि तिची निवड हा विभागाचा गौरव होता. मंगळवारी तिला तिथे आपले निष्कर्ष मांडायचे होते. विभागप्रमुख भूपेंद्र सरांना त्र्याऐंशी हा आकडा गौरवाला शोभेनासा वाटला. त्यांनी धर्मेंद्र आणि लोकेश या दोन कनिष्ठ डॉक्टरांना बोलावले.

“ती भावनाप्रधान आहे, तिला विचारू नका. सदतीस भरून टाका.”

रविवारी दुपारी दोघे टेबलाशी लोचो, हा इथला वाफवलेला फराळ, खात बसले. अक्षराचे वळण जुळावे म्हणून सोनालीचे शेवटचे काही फॉर्म त्यांनी समोर घेतले, आणि ते नव्यांत मिसळून गेले. गठ्ठा माझ्यावर लावताना लोकेश थबकला.

“अरे भाई, इथे नववा ‘हो’ कशाला केलास? पुरवणीवर तुझी मम्मी सही करणार?”

“मी नाही केला. तूच केला असशील, लोचो खाता खाता.”

“कोणी का करेना. व्हाइटनर दे.”

मित्रांनो, खोट्यांच्या गठ्ठ्यात खरे उत्तर चुकीसारखे दिसते. त्यांनी चूक दुरुस्त केली.

सोमवारी मालतीबाईंनी गठ्ठा चाळला. “या आठवड्यात एक पण ‘हो’ नाही? बरं झालं बाई.” फोन जागेवरच राहिला.

मंगळवारी, असे मी नंतर ऐकले, सोनाली मंचावर उभी असताना तिच्या मागच्या पडद्यावर सरांनी पाठवलेला तक्ता उमटला: फॉर्म एकशेवीस, नवव्या प्रश्नाला होकार सहा. तिला ठाऊक होते, सात हवेत. ती बोलणे अर्धे सोडून उतरली, संध्याकाळी विभागात पोहोचली, पांढरा डाग नखाने खरवडला, आणि मला तसेच उचलून गोडादऱ्याला धावली.

खोलीच्या दारात भिकनची बायको सीता उभी होती. “सोमवारना दिनभर फोन हातमा लईसन बसनात. कामवर बी गयात नही. सांजले उठीसन गयात, ते उनाच नहीत.”

आज नववा दिवस. पोलिसांत नोंद आहे. तापीच्या काठाने हजीऱ्याच्या समुद्रापर्यंत शोध झाला. भूपेंद्र सर म्हणाले, “एका उत्तराने टक्केवारी बदलत नाही.” हेही गणिताने खरेच आहे. सोनालीने प्रबंध मागे घेतला, तेव्हा ते म्हणाले, “तिचा संशोधनाचा पिंडच नाही.” कार्यशाळेचे प्रमाणपत्र मात्र टपालाने आले आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी मोडले तर नवे पॅड मिळेल. तुम्ही कधी कोणाला त्याच्या मनातले विचाराल, तर त्याचे उत्तर त्याचेच राहू द्या, आणि देऊ केलेला फोन त्याच दिवशी करा.

गठ्ठ्यातली खरी माणसे वेगळी काढण्यासाठी मालतीबाईंनी मला समोर ठेवून एकशेवीसही फॉर्मांवरचे फोन क्रमांक लावले. त्र्याऐंशीपैकी ब्याऐंशी जणांनी फोन उचलला. सदतीस क्रमांक अस्तित्वातच नाहीत, असे यंत्राने नम्रपणे सांगितले. भिकनचा क्रमांक अस्तित्वात आहे. तो फक्त बंद आहे.