मानाचे गुडघे

मानसिंगरावांचा उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा कारणं शोधायला त्यांना डॉक्टरची गरज पडली नाही. पहिलं कारण भोपाळ. नवं राज्य व्हायला महिना उरला होता, राजधानी तिकडे चालली होती, आणि ग्वाल्हेरात काहीही बिघडलं की त्यात भोपाळचा हात असायचाच. दुसरं कारण वनस्पती तूप. तिसरं, कचेरीतली खुर्ची. त्यांच्या आजोबांनी जन्मात कधी पाय लोंबकळत ठेवले नव्हते.

पुतणी शरयू नुकतीच डॉक्टर झाली होती. तिने गुडघा वाकवून पाहिला. आतून करकर आवाज आला.

"काका, हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजलीय. मांडीचे स्नायू ढिले पडलेत. शिवाय वजन."

"वजन आमच्या घराण्यातच आहे."

"असेल, पण उचलतोय गुडघा."

"आणि भोपाळ?"

"ते काही आत सापडलं नाही. पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम करा, आणि गुडघे मुडपून बसणं आजपासून बंद."

"दसऱ्यानंतर," मानसिंगराव म्हणाले.

दसऱ्याला फूलबागेजवळच्या कोठीत सरदारांची बैठक भरे. जहागीर जाऊन काही वर्षं झाली होती. बैठकीला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. गुडघे मुडपून, टाचांवर, मानाप्रमाणे बसायचं. गादीवर बसलेले सरकार उठण्याआधी जो उठेल, त्याचं घराणं थेट दाराजवळच्या रांगेत. मानसिंगरावांची जागा गादीपासून तिसरी, आजोबांपासून चालत आलेली. चौथी चुलतभाऊ संभाजीरावांची. ते हल्ली फार मायेने चौकशी करत. दसऱ्याला बैठकीतही केली.

"दादा, घुटन्याची तकलीफ कशी काय? दरवाजापाशी हवा छान येते हो."

"तुम्हीच घ्या हवा," मानसिंगराव म्हणाले आणि दात आवळून टाचांवर बसले.

सोनं वाटून झालं, अत्तर झालं, विडेही झाले. आता सरकारांनी उठायचं. सरकार उठेनात. त्यांनी पणजोबांची एक लढाई सांगितली. मग तीच पुन्हा सांगितली, या वेळी जिंकून. मानसिंगरावांचा गुडघा आधी दुखला, मग पेटला, मग पाऊलच बधिर झालं. तेवढ्यात त्यांना दिसलं, की सरकारांचा हात गादीची कड दाबतोय. सरकार बोटभर वर येत होते आणि हसतमुखाने खाली बसत होते.

मानसिंगरावांनी भोवती पाहिलं. समोरच्या रांगेत सरदार दिनकररावांचा चेहरा पांढराफटक. सगळी सभा एकाच दुखण्यावर बसली होती. सरकारांना हात देणं रिवाजात नव्हतं, त्यांच्याआधी उठणंही नव्हतं. हा रिवाज ठरवणारे बहुतेक ऐन चाळिशीत वारले होते. गुडघ्यांनी तक्रार करावी इतका वेळ त्यांनी दिलाच नव्हता.

मानसिंगरावांनी तिसऱ्या जागेचा विचार केला, मग पायाचा केला. पाय जवळचा निघाला.

"शरयू," त्यांनी बायकांच्या पडद्याकडे पाहून हाक मारली, "हात दे गं जरा."

ती सरळ पुरुषांमधून चालत आली. तिच्या खांद्यावर भार देत ते उभे राहिले.

"घोर अपमान!" दिनकरराव गरजले, आणि त्या संतापात भिंत धरून उठले. मग एकेक करत सगळेच संतापले. इतक्या वयात इतकं चपळ संतापणं शरयूने वैद्यकाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. सरकार तर असे रागावले, की दोघांना त्यांना काखेत धरून उभं करावं लागलं.

"मानसिंगराव, पुढच्या साली दारापाशी," सरकार म्हणाले. आवाजात जरब होती. चेहऱ्यावर मात्र सुटल्याचं सुख लपत नव्हतं.

संभाजीराव तेवढे उठले नाहीत. ते बसल्या बसल्याच सरकले आणि तिसऱ्या जागेवर जाऊन टेकले. कोठी रिकामी होत आली, तरी ते तिथेच होते.

"दादा," ते हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना जरा थांबवता?"