दोन मुठींची करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. पण सुताराच्या पिशवीत मावणारी नव्हे. मी पुरुषभर लांब आहे आणि मला दोन्ही टोकांना मुठी आहेत. लोहाराने कानशीने माझा एकेक दात धारदार केला आणि दोघा मित्रांच्या हाती देताना बजावलं, "हिला फक्त आपल्याकडे ओढायचं. समोरचा ओढू लागला की हात सैल सोडायचा. ढकलाल तर पातं वाकेल."

एका मुठीवर असे गप्पू, दुसऱ्या मुठीवर घुम्या. गप्पूच्या तोंडाला खळ नसे आणि घुम्याचं उत्तर 'हं'च्या पुढे क्वचितच जाई. तीस वर्षं मी त्या दोघांमध्ये येरझाऱ्या घातल्या. "यांची करवत गाते हो," लोक म्हणत. खरं सांगते, गाणं माझं नव्हतं, त्यांच्या हातांचं होतं.

मग गप्पूचे गुडघे कुरकुरू लागले. मुलीने त्याला कायमचं आपल्याकडे, दूरच्या शहरात बोलावलं. ते ऐकल्यापासून घुम्याचं 'हं'सुद्धा बंद झालं. गप्पू निरोप घ्यायला दोनदा आला. दोन्ही वेळा घुम्या मागच्या दाराने पसार!

"अहो, तीस वर्षांचा सोबती जातोय आणि तुम्ही चोरासारखे लपताय?" बायकोने सुनावलं. घुम्याच्या घरच्या भिंतीवर माझाही जीव टांगणीला लागला होता. हे दोघे न बोलताच दुरावणार की काय?

गप्पू निघणार त्या सकाळी घुम्याने मला खाली काढलं आणि एक जाडजूड ओंडका कापायला घेतला. एकट्यानेच! रागारागाने मला ढकलू लागला. व्हायचं तेच झालं. मी वाकले आणि ओंडक्यात रुतून बसले.

"अरे गाढवा, ढकलतोस काय? मोडेल ना ती!"

दारात गप्पू उभा होता. बाहेर सामानाने भरलेली गाडी होती. त्याने बाह्या सरसावल्या, मला अलगद सरळ केलं आणि आपली मूठ धरली. मी पुन्हा चालू लागले. पण ओंडका अर्धा कापला गेला, तसा घुम्याचा हात मंदावला.

"असं गोगलगायीसारखं ओढलंस तर दुपार होईल."

"होऊ दे."

"गाडी थांबलीय रे माझी."

"थांबू दे."

मग गप्पूचाही हात मंदावला. इतकी हळू मी जन्मात कधी चालले नव्हते.

तरी ओंडका शेवटी तुटलाच. घुम्या खाली मान घालून भुसा झटकत राहिला. "आता माझ्याशी बोलणार कोण?"

"तू कधी बोलतोस?"

"तू बोलतोस ना. मी ऐकतो."

गप्पूने त्याला घट्ट कवटाळलं. घुम्या गाडीपर्यंत गेला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिला.

आता दुसरी मूठ घुम्याची बायको धरते. दर रविवारी गप्पूचा फोन येतो. घुम्या तो ओंडक्यावर ठेवतो आणि मला चालवतो.

"आज लाकूड ओलं आहे वाटतं?" माझा आवाज ऐकून पलीकडून गप्पू विचारतो.

"लाकूड कोरडंच आहे. तुझी वहिनी दमलीय," घुम्या म्हणतो. चक्क दोन वाक्यं!

मित्रांनो, जुना मित्र दूर निघाला की मनाला चटका बसतो, म्हणून त्याच्यापासून तोंड लपवू नका. निघण्याआधी त्याच्याबरोबर एखादं काम करा आणि ते जमेल तितकं हळू करा. तेवढा वेळ देव नक्की देतो.