अकरा ओळींची एक ओळ

तिने प्रोग्राममधून पुसून टाकलेल्या अकरा ओळी जुन्या प्रतीतून परत आणल्या आणि चालवल्या. खुर्चीमागे गुरुजी उभे होते. रुग्णालयाच्या संगणक विभागातले ते सगळ्यात जुने, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

त्या ओळी त्यांच्याच होत्या. ज्यांच्या तपासणीत काही वाईट निघालं, त्यांच्यातला एकेक रुग्ण घेऊन त्या बघत, फोन नंबर आहे का. असला तर नाव फोन करायच्या यादीत. नसला तर शिपायाने घरी न्यायची चिठ्ठी छापायची. तीन महिन्यांपूर्वी तिने एकेकावरून फिरणाऱ्या त्या अख्ख्या लूपची एक सुबक ओळ केली: नंबर असलेल्यांची यादी. साहेब खूश झाले, त्यांना आखूडशिंगी, बहुदुधी गाय मिळाली. चिठ्ठ्या छापणं बंद पडलं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. आज एक बाई आपणहून निकाल विचारायला आली, तेव्हा कळलं.

हात दाखवून अवलक्षण, असं ती स्वतःशीच म्हणाली. गुरुजी रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“यादीतून नुसती यादीच काढायची असली, तर एक ओळ छान,” ते म्हणाले. “वाटेत आणखी काही करायचं असलं, की लूपच बरा. पण तुझी ओळ मीही वाचली होती. वाचून मान डोलावली.”

चिठ्ठ्या निघाल्या. सात. एकेक वाचून ती गुरुजींच्या हातात देत होती. पाचवी तिने दिली नाही. घडी करून पर्समध्ये ठेवली.

वडिलांची तपासणी तिनेच मागे लागून करवून घेतली होती. अर्ज मात्र त्यांनी स्वतः भरला होता.

भरदुपारी ती घरी पोचली. वडील जमिनीवर बसून खुर्चीचा निखळलेला पाय ठोकत होते.

“बाबा, तुमच्याकडे फोन नाही, मग अर्जावर माझा नंबर का नाही दिलात?”

“तू कामात असतेस. कशाला उगाच त्रास?” त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. “आणि तूच म्हणालीस ना, फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. मी तर कधीचाच निर्धास्त झालो.”

पर्समधल्या चिठ्ठीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

“बस की,” म्हणत त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. “आता नाही मोडायची.”