लाल काठ

मी एक जुने, जाड पानांचे झाड आहे. सुतारकाकांच्या स्वयंपाकघरातली खिडकी हे माझे घर. मला फळे येत नाहीत, आणि सावली मी फार तर एखाद्या मुंगीला देऊ शकेन. पण मित्रांनो, माझ्या गुबगुबीत पानांचा मला गर्व आहे. पुरेसे ऊन मिळाले की त्यांचा काठ लाल होतो. पाणी जास्त झाले की ती पिवळी पडतात. मला तोंड नाही, तेव्हा जे काही सांगायचे ते मी रंगानेच सांगतो.

माझा जन्म तसा चोरीचा. सुतारकाकू दात दाखवायला गेल्या होत्या. तिथे बाकाशेजारी माझी आई ठेवलेली होती. काकूंनी तिची एक फांदी हळूच मोडली, रुमालात गुंडाळली आणि सुजल्या गालाने घरी येऊन म्हणाल्या, "चोरून आणलेलं झाड चांगलं धरतं म्हणे."

"आणि चोर धरला तर?" काका म्हणाले. पण उरलेल्या फळ्यांची एक पेटी त्यांनी लगेच करायला घेतली. तळाला भोके पाडली, कडा गुळगुळीत केल्या. तीच माझी कुंडी.

काकांना जन्मापासून रंगांची गल्लत होते. लाल, हिरवा, पिवळा, सगळे त्यांना मातकटच दिसतात. कपाट रंगवायचे झाले की काकू डब्यांपाशी उभ्या राहून सांगायच्या. सकाळी चहाचे दोन कप घेऊन दोघे माझ्याजवळ बसत.

"अहो, काठ बघा, कसा लालबुंद झालाय!"

"हो, झालाय खरा."

"दिसत तर काही नाही, आणि हो म्हणायची मात्र घाई!"

मग दोघेही हसत. त्या दिवसांत एकटेपणा म्हणजे काय, हे मला कुणी विचारले असते तर सांगता आले नसते.

पुढे काकू दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत.

काका सकाळी उठून चहा टाकत. हाताला दोन कपांचीच सवय होती. एक ते पीत, दुसरा समोर ठेवत. तो निवायचा, त्यावर साय धरायची. तो त्यांना पिववत नसे, आणि काकूंचा चहा मोरीत ओतायला हात धजत नसे. शेवटी ते उठले आणि त्यांनी तो माझ्या मुळाशी ओतला. तिच्या झाडाला तिचा चहा, एवढेच त्यांच्या मनात होते.

ते रोज तसेच करू लागले. दूध, साखर आणि ओल. मातीला आंबूस वास सुटला, मुंग्या लागल्या. माझी खालची पाने पिवळी पडली, मग वरचीही. मी माझ्या परीने जीव तोडून ओरडत होतो, मित्रांनो, पण माझे ओरडणे रंगाचे आणि घरात उरलेल्या एकुलत्या एका माणसाला रंग कळत नव्हता. हातभर अंतरावर बसून ते माझ्याकडे बघत राहत. त्यांच्याशीही दिवस दिवस कुणी बोलत नसे. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

परगावच्या मुलीशी काका फोनवर बोलायचे, तेव्हा एकमेकांचे चेहरे दिसत. एकदा तिला मागे मी दिसलो.

"बाबा, आईचं झाड पिवळं पडलंय! पाणी घालता ना त्याला?"

काकांचा चेहरा उतरला. "घालतो गं, घालतो."

त्या दिवसापासून चहा तर होताच, वर तांब्याभर पाणीही मिळू लागले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. माझ्या नशिबी भर पुरात पाऊस आला.

एका सकाळी माझे पान गळून त्यांच्या बशीत पडले. काकांनी ते उचलले. सुताराचा अंगठा तो, फळीवरून फिरला की आतली ओल ओळखणारा. पान त्याखाली लिबलिबीत होऊन फुटले. काकांनी माझे खोड चाचपले आणि मातीत बोट घालून वास घेतला.

"कुजवलं मी," ते म्हणाले. "तिचा चहा पाजून पाजून तिचंच झाड कुजवलं."

काकू गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले.

मग त्यांनी पटाशी आणली आणि खोड जिथे अजून टणक लागत होते तिथे मला कापले. मी बोटभर उरलो. पण कापलेली जागा हिरवी की काळी, हे त्यांना ठरवता येईना. कूज आत राहिली असती तर मी संपलोच होतो.

खालच्या मजल्यावर एक चष्मेवाले राहतात. चष्म्यांचे दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून ते दिवसभर घरात एकटेच असतात. जिन्यात गाठ पडली की "काय, बरं?" "बरं," एवढीच काय ती दोघांची ओळख. काकांनी त्यांचे दार वाजवले आणि मला पुढे केले.

"जरा बघता? आत हिरवं आहे की काळं?"

चष्मेवाल्यांनी मला भिंगाखाली धरले. "स्वच्छ हिरवं आहे, मिस्त्री. जगेल हे."

"काठ लाल झाला की ते खुशीत आहे समजायचं, असं आमची ही म्हणायची. पण मला तो दिसत नाही."

"मला दिसतो ना. मी येऊन सांगत जाईन."

काकांनी माझी जखम सुकू दिली, पेटी धुतली आणि रेती मिसळलेल्या मातीत मला लावले. आता ते आधी मातीत बोट घालतात. कोरडी लागली तरच पाणी. हळूहळू मला नवी पाने फुटली.

चष्मेवाले रोज सकाळी वर येतात. चहाचा दुसरा कप आता ते पितात आणि साखर कमी पडल्याची तक्रार करतात. काकूंची जागा भरली असे नाही. ते गेल्यावर घर पुन्हा गप्प होते, आणि काका माझ्या पानांवरून अंगठा फिरवत बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही न बोलणारे कुणी असेल. त्याला काही देण्याआधी एकदा हात लावून बघा. मायेने ओतलेलेही बाधते, हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार?

आता एक शेवटचे सांगतो, पण आपल्यातच राहू द्या. माझा काठ लाल होऊन बरेच दिवस झाले. परवा मुलगी फोनवर ओरडलीच, "बाबा, काठ केवढा लाल झालाय!" काका नुसतेच "हं" म्हणाले.

आज सकाळी चष्मेवाले आले तेव्हा काकांनी नेहमीसारखे विचारले, "झाला का हो लाल?"

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला, वाकून मला नीट निरखले आणि म्हणाले, "अजून नाही, मिस्त्री. उद्या बघू."

काकांनी दुसरा कप त्यांच्यापुढे सरकवला.