पखवाजाची एकादशी

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे. मुळशी धरणाच्या काठच्या एका देवळात, गाभाऱ्याबाहेरच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. अंग खैराचं, त्यामुळे वाळवी माझ्या वाटेला जात नाही. डाव्या बाजूच्या दोन वाद्या सैल पडल्यात, पण आवाज अजून शाबूत आहे. देवाची कृपा, दुसरं काय!

पौडच्या कोंडाजीने मला घडवलं. चामडं ताणताना तो तोंडाने नाम घेत असे आणि मधेच कोणी गप्पा मारायला आलं तर सरळ उठवून लावत असे. त्याने मला आमच्या गावच्या पखवाजवादक गेणबांच्या हाती दिलं आणि गेणबांनी मला कीर्तनात उभं केलं. अहाहा, ते दिवस! बुवांनी अभंगाचं चरण उचलावं, टाळकऱ्यांनी ते झेलावं आणि माझ्या एका थापेसरशी सगळा मंडप डोलू लागावा. लोक बुवांच्या पाया पडायचे आणि जाताना मलाही हात लावून तो कपाळाला न्यायचे.

माझं एक पथ्य मात्र तुम्हाला सांगायला हवं. माझ्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे तिथून घुमारा निघतो. कणीक नसेल तर मी रिकाम्या डब्यासारखा वाजतो. कीर्तन संपलं की ती कणीक खरवडून गाईला घालायची, ही रीत. गेणबांच्या घरी एकादशीला पिठाला हात लावत नसत, म्हणून ते दशमीलाच कणीक मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत.

पुढे गेणबांचा उजवा हात वाऱ्याने गेला आणि मी त्यांच्या घरच्या खुंटीला लागलो. त्यांचा मुलगा बहिरू पिरंगुटच्या कारखान्यात कामाला. त्याला माझी गोडी नव्हती. गोडी होती ती त्याच्या थोरल्या बहिणीला, फुलाबाईला. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. बाप तोंडाने बोल सांगायचा, ती माझ्यावर हात चालवायची. दार मात्र लावून. कारण बाईने पखवाज धरलेला गावाने कधी पाहिला नव्हता.

सन एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. माघ महिना होता. घाट चढून सुकट विकायला येणारा नथू अंगणात येऊन उभा राहिला.

"तुझी टोपली लांब ठेव रे, माळकऱ्याचं घर हाय!" गेणबा म्हणाले.

"टोपली लांबच हाय, आवतण तेवढं आणलंय," नथू हसला. समुद्रकाठच्या त्याच्या गावी सप्ताह बसणार होता. तिथला मृदंगी पोटासाठी मुंबईला गेलेला. एकादशीच्या कीर्तनाला कोणी मिळालं नाही तर पंच हैबतराव भोंग्यावर टेप लावायच्या विचारात होते.

गेणबांनी स्वतःच्या लुळ्या हाताकडे पाहिलं, मग फुलाबाईकडे. "ही येईल," ते म्हणाले.

बहिरू बापावर उसळला. "आक्का एकटी? परक्या मुलखात, गळ्यात पखवाज अडकवून? दादा, लोक हसतील. हसू करून परत आली, तर म्या ह्यो पखवाज त्या बँडवाल्याला देऊन टाकीन. सांगून ठिवतो!"

"आन् न्हाई हसले तर?" फुलाबाईने विचारलं.

मित्रांनो, मी खुंटीवरून सारं ऐकत होतो. बँडवाल्याकडे गेलेला पखवाज वरातीत कसा बडवला जातो, हे मला ठाऊक होतं. माझं पुढचं आयुष्य आता या एका खेपेवर आलं होतं.

दशमीला पहाटे कणीक मळून, फडक्यात बांधून फुलाबाई निघाली. पुण्याला गाडी बदलली. कंडक्टर म्हणाला, "बाई, ती ढोलकी टपावर टाका."

"ढोलकी न्हाई, पखवाज हाय. त्यो माझ्या मांडीवर बसंल."

"मग त्याचं अर्धं तिकीट पडंल!"

"फाडा की. पर त्याला खिडकी पायजे."

गाडीभर हशा पिकला आणि मला खरोखरच खिडकी मिळाली.

फुलाबाई आयुष्यात प्रथमच एकटी निघाली होती. घाटाच्या वळणांवर तिची बोटं माझ्या वाद्या घट्ट धरत. खाली उतरल्यावर हवा जड झाली, माड दिसू लागले आणि तिची पकड हळूहळू सैल झाली. संध्याकाळी गाव आलं. लहानसं, झाडीत दडलेलं, बोलणंसुद्धा हळू आवाजात. आणि पलीकडून एक सावकाश ठेका ऐकू येत होता. आमच्या धरणाचं पाणी गप्प असतं. हे पाणी मात्र एकटंच भजनाला बसल्यासारखं वाजत होतं, ना साथीला कोणी, ना ऐकायला. फुलाबाई वाळूत उभी राहून कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग तिने हात जोडले.

मुक्काम सारजाबाईंकडे होता. म्हातारी मायाळू आणि एकादशीची भारी कडक. त्या दिवशी तिच्या घरात धान्याचा दाणा शिजत नसे की पीठ हलत नसे. सकाळी फुलाबाई अंघोळीला गेली आणि सारजाबाईंच्या नजरेला ते ओलं फडकं पडलं. सोडून पाहतात तो मळलेली कणीक!

"अरे देवा! प्रवासात तिथीच विसरली गो बिचारी," त्या पुटपुटल्या. पाहुणीला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनी तो गोळा मुकाट्याने नेऊन गाईपुढे ठेवला. गाईने दोन घासांत संपवला.

फुलाबाई आली आणि फडकं रिकामं पाहून तिचा चेहरा उतरला. सारजाबाई म्हणाल्या, "लाजू नको, बाय. तुझी चूक मी कुणाला सांगायची नाय. फराळाला रताळी उकडलीत."

"आजी, ती कणीक माझी न्हवती! त्या पखवाजाची हुती!"

सारजाबाईंनी कपाळावर हात मारला. बिचारी किती कळवळली! तरी मी म्हणतो, कणीक गाईच्या पोटी जायचीच होती, फक्त एक कीर्तन आधी गेली.

पण आता करायचं काय? तो तांदळाचा मुलूख. गहू असलाच तर सणापुरता. दुकानात विचारलं, शेजारी विचारलं. गव्हाचं पीठ नव्हतं. देवाची क्षमा मागून, घराबाहेर ओट्यावर शेजारचं तांदळाचं पीठ लावून पाहिलं, ते वाळून भुगा होऊन गळलं. दुपारी हैबतराव चक्कर मारून गेले.

"काय झालं, बाय? टेप तयार हाय हां आमची!"

सारजाबाई कडाडल्या, "तुझ्या टेपेच्या पाया पडायचं का रे, मेल्या?"

फुलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून ती उपाशी होती. सारजाबाईंनी बळेच पानावर भिजलेला साबुदाणा आणि रताळं कुस्करून घातलं. एक घास घेतला नाही तोच फुलाबाईचा हात थबकला. घास बोटांना चिकटला होता. झटकला तरी सुटेना.

ती उठली. साबुदाणा आणि रताळं पाट्यावर बारीक वाटलं, गोळा केला, हात जोडले आणि माझ्या डाव्या तोंडावर थापला. मग भीतभीत थाप दिली.

मी घुमलो! थोडा बसका, पण घुमलो.

संध्याकाळी देवळापुढे बाई पखवाज घेऊन उभी राहिली तेव्हा कुजबूज झाली. बुवांनी वाकून माझ्याकडे पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "हे काय लावलंय?"

"बुवा, आज त्यालाबी उपास हाय," फुलाबाई म्हणाली.

बुवा खळखळून हसले. "उपवाशी साथीदार मिळाला, भाग्य माझं!" म्हणत त्यांनी नमन धरलं. पहिल्या चरणाला तिचा हात मागे पडला. दुसऱ्याला सावरला. मग नामाचा गजर चढला आणि मित्रांनो, ती परका मुलूख विसरली, बाईपण विसरली, मी माझा बसका आवाज विसरलो. गोळा सुकू लागला की सारजाबाई पुढे होऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायच्या. त्या रात्री भोंगा मुका राहिला.

द्वादशीला सारजाबाईंनी स्वतः कोमट फडक्याने माझं तोंड पुसलं, चिकटपणा जाईपर्यंत. हैबतराव नारळ घेऊन आले. तो त्यांनी फुलाबाईच्या ओंजळीत ठेवला आणि जरा घुटमळून म्हणाले, "पुढल्या साली कुणाला धाडणार गो?"

"कुनाला कशाला? मीच येनार," फुलाबाई म्हणाली. "पर गहू आनून ठेवा."

बहिरूने पुन्हा बँडवाल्याचं नाव काढलं नाही. त्यानंतर फुलाबाई कितीतरी गावांना गेली, आणि प्रत्येक वेळी मला खिडकी मिळाली. आता तीही थकली आहे, म्हणून मी या देवळातल्या खुंटीवर आलो. तुमच्या घरी किंवा देवळात माझा एखादा भाऊबंद खुंटीवर असेल. त्याच्यावरची धूळ पुसा, ओल लागू देऊ नका, पण तेवढ्यावर थांबू नका. वाजलं नाही तर आमचं चामडं आतून मरतं. आणि घरातली एखादी लेक येता-जाता हळूच त्याच्यावर बोट वाजवून बघत असेल, तर तिला हटकू नका. दार सताड उघडा आणि समोर ऐकायला बसा.